मोडी कशासाठी शिकलात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी वाईत पिठाची गिरणी चालवते. वय ५३, शिक्षण बारावी. गेल्या दोन-अडीच वर्षांत मोडी लिपीबद्दल वर्तमानपत्रांत बरंच छापून येतंय आणि मी ते कात्रणं काढून ठेवण्याइतक्या आवडीनं वाचते. पण त्यातल्या बहुतेक मजकुरात एक वाक्य हमखास असतं: मोडी शिका, रोजगाराची संधी आहे. त्या वाक्याबद्दल मला काही सांगायचं आहे.

मी मोडी शिकले २०१६ साली. तेव्हा कसलीही संधी नव्हती. माहेरी भिंत पाडायची म्हणून माळा रिकामा करत होतो, त्यात एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले कागद होते. वरचा कागद उलगडला तर सगळा पानभर एकच सलग मजकूर. आडवी रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढलेली आणि तिला अक्षरं द्राक्षांसारखी लगडलेली. शब्द कुठं संपतो, कुठं सुरू होतो काही कळेना. आपल्याच घरातल्या माणसानं, आपल्याच भाषेत लिहिलेलं, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येऊ नये, हे मला फार लागलं. आमच्या आजोबांची सही मोडीत असायची हे मला आठवत होतं. म्हणजे दोन पिढ्यांपूर्वी घरात जी गोष्ट रोजची होती, ती माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी तो एक कागद मागून घेतला.

पुढच्या सुट्टीत साताऱ्याला मोडीचा दहा दिवसांचा वर्ग होता. सकाळी दळणं उरकून सव्वानऊच्या एसटीनं जायचं आणि चारपर्यंत परत येऊन गिरणी उघडायची, असं केलं. वर्गात मी एकटीच अशी होते जिला कसला प्रबंध लिहायचा नव्हता की नोकरीत बढती हवी नव्हती. गुरुजींनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी आलात? मी म्हटलं, वाचता येत नाही म्हणून. त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि माझ्या वहीवर शिरोरेषा ओढून दिली. मोडीत आधी पूर्ण ओळीची रेघ ओढतात, मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. हात उचलावा लागू नये म्हणून अक्षरं मोडून वळवलेली, आणि त्यावरूनच मोडी हे नाव पडलं असं सांगतात.

घरी मात्र प्रश्नांचा मारा झाला. परीक्षा आहे का? सर्टिफिकेट मिळतं का? त्याचे पैसे सुटतात का? या वयात? गिरणीत दळण घेऊन आलेली बाई डबा खाली ठेवायच्या आधी माझ्या पाटीकडं बघून विचारायची, काकू, हे कशाला? सासूबाईंना वाटलं मी कसली बाहेरची विद्या शिकतेय. ह्या सगळ्याचं मला फारसं काही वाटलं नाही. एका गोष्टीचं वाटलं. माझ्या सख्ख्या भावानं ट्रंकेला कुलूप घातलं. त्याची समजूत अशी झाली की मी जुन्या कागदांतून जमिनीचा हिस्सा शोधते आहे. एखादी बहीण केवळ काय लिहिलंय ते कळावं म्हणून वर्षभर एका कागदावर डोळे फोडेल, हे त्याच्या हिशेबात बसेना. तो वाईट माणूस नाही. पण काहीतरी मिळाल्याशिवाय कुणी काही शिकत नाही, असं आपल्याकडं इतकं पक्कं धरलेलं असतं, की नुसतं कुतूहल पुढं केलं तर लोक त्याच्यामागं दडलेला डाव शोधू लागतात. दोन वर्षं आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं.

तो एक कागद वाचायला मला चौदा महिने लागले. अक्षरओळख दहा दिवसांत होते, ती अवघड नाही. अवघड आहे ते पुढंच. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागा नाही, अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. वर्गात सरावासाठी एका पत्राची झेरॉक्स दिली होती, तिच्यात ‘गणोबावाईसआले’ असं होतं. मी वाचलं, गणोबा वाईस आले. शेजारच्या मुलीनं वाचलं, गणो, बा वाईस आले. बाप आला की गणोबा आला, हे खालच्या चार ओळी वाचेपर्यंत ठरेना. पेशवेकाळातल्या कागदांवर तर तारीखसुद्धा सरळ नसते. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्याच्यापुढं मुसलमानी महिना, आणि साल अरबी शब्दांत, तेही एककापासून उलट. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. सुहूर ही त्या काळच्या दप्तरांतली कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन येतो. ११६१ म्हणजे १७६०-६१, म्हणजे पानिपतचं साल. ज्या दिवशी हे मला कुणाच्या मदतीशिवाय सोडवता आलं, त्या दिवशी गिरणीत कुणाला सांगू असं झालं होतं. समोर ज्वारी घेऊन उभ्या असलेल्या मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, जरा बारीक दळ.

माझा कागद एवढा थोर नव्हता. शके १७९४ चा, म्हणजे १८७२ चा. घरातल्या एका लग्नाच्या खर्चाची यादी. गूळ, तांदूळ, हळद, तूप, पुढं मण, शेर आणि त्यांच्या उभ्या रेघा: एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. कुणाचं तरी तांब्याचं घंगाळ आणलं होतं, त्याच्यापुढं ‘परत दिले’ अशी नोंद. शेवटून तिसऱ्या ओळीवर मी अडले होते. मधलं एक अक्षर वाळवीनं खाल्लेलं. ‘बायासद’ नंतर भोक आणि मग ‘णावळ’. मी ते ‘बाया’ आणि ‘सद’ असं तोडत होते आणि काही केल्या अर्थ लागत नव्हता. एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, लाईट गेलेली, जातं थांबलेलं. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होते. बा-या-स, म्हणजे बायांस. आणि मग जीभेनंच पुढचं म्हटलं: दळणावळ. बायांस दळणावळ, आठ आणे.

लग्नाच्या आधी घरी बसून पीठ दळून दिलेल्या बायांची मजुरी. मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच घेते. चौदा महिने मी ज्या शब्दावर अडले होते तो माझ्याच धंद्याचा होता. त्या बायांची नावं यादीत नाहीत, पण त्यांना आठ आणे दिले हे कुणीतरी नीट लिहून ठेवलं. मी तो कागद मांडीवर घेऊन लाईट येईपर्यंत बसून राहिले. ह्याचा मला काय फायदा झाला असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण तेव्हापासून पायलीभर ज्वारी ओतताना त्या बाया माझ्या मनात असतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या वादात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मोडीतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. त्या वादात मला शिरायचं नाही. पण एका रात्रीत मोडी वाचणारा माणूस कामाचा ठरला. मोबाईलमध्ये फोटो घेऊन लोक गिरणीत येऊ लागले. मी वाचून दाखवत होते, पैसे घेत नव्हते, आणि दाखल्यासाठी अधिकृत मोडीवाचकाकडंच जा असं प्रत्येकाला सांगत होते, कारण माझ्या वाचनावर कुणाच्या पोराचं भवितव्य टांगायला मी तयार नाही. तेव्हा जे लोक मला ‘कशाला’ म्हणत होते तेच म्हणू लागले, बघा, शेवटी उपयोग झाला की नाही! जणू सात वर्षं मी केलेल्या कामाला त्या दिवशी मान्यता मिळाली. मला ते बोलणं आधीच्या प्रश्नापेक्षा जास्त टोचलं. समजा ही समिती नेमलीच गेली नसती. तर माझी ती दुपार वाया गेली म्हणायची का?

हे फक्त मोडीपुरतं नाही. आमच्या गल्लीतला नववीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर बुरुडाच्या दुकानात बसतो. कामट्या कशा काढायच्या, सूप कसं विणायचं, ते त्या म्हाताऱ्या कारागिराकडून शिकतोय. त्याची आई माझ्याकडं येऊन रडली. म्हणाली, गणितात कमी मार्क आणि ह्याचं लक्ष टोपल्यांत. मी तिला एवढंच म्हटलं, तो मोबाईलवर नाही, बोटांवर आहे. त्यानं विणलेलं पहिलं सूप एका बाजूला उचललेलं आहे, पण त्याची कड इतकी घट्ट बांधलीय की दोन पावसाळे झाले तरी सुटलेली नाही. ते माझ्या गिरणीत रोज वापरात आहे. त्याला ‘पुढं काय’ विचारण्याआधी ती कड कशी बांधलीस, असं निदान एकदा तरी कुणी विचारावं.

आता माझ्या विनंत्या. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, कागदांची संख्या कोटींत सांगतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करतंय, तंजावरलासुद्धा मोडी कागद आहेत. एवढे कागद फक्त पगारी माणसं वाचून संपवतील हे शक्य नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, ते तालुक्याच्या गावी, संध्याकाळी, दुकान बंद करून येणाऱ्या माणसांसाठीही व्हावेत, आणि अर्जात ‘उद्देश’ असा रकाना असेल तर तिथं ‘आवड’ लिहिलेलं चालावं. आपण आपल्या रविवारच्या पुरवणीत कोड्याशेजारी चार बोटं जागा देऊन एक मोडी ओळ छापावी, उत्तर पुढच्या रविवारी. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळालेली आहे, तेव्हा छापण्याची अडचण पूर्वीइतकी नसावी.

आणि वाचकांना कळकळीनं सांगते, घरात जुने कागद सापडले तर ते रद्दीत घालू नका, आणि प्रेमापोटी लॅमिनेशनही करू नका. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की ते कागदाला धक्का न लावता काढता येत नाही. सेलोटेपही नको. स्वच्छ सुती कापडात सैल बांधा, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि हाताळायच्या आधी उजेडात फोटो काढून घ्या.

गेल्या भाऊबीजेला माझा भाऊ ती ट्रंकच घेऊन आला. ओवाळून झाल्यावर किल्ली ताटात ठेवली आणि म्हणाला, वाच आणि मलाही सांग. आत अकरा कागद आहेत. सध्या मी तिसऱ्यावर आहे. विहिरीच्या पाळीबद्दल काहीतरी आहे. दर रविवारी रात्री त्याचा फोन येतो, किती ओळी झाल्या म्हणून.

आपली नम्र,
एक गिरणीचालक
वाई, जि. सातारा