तुरुंग चालवणाऱ्या कैद्यांची दप्तरे जपावीत

महोदय,

येरवडा मध्यवर्ती कारागृहात 26 जानेवारी 2021 रोजी ‘कारागृह पर्यटन’ सुरू झाले, तेव्हापासून राज्यातील जुन्या तुरुंगांच्या इतिहासाविषयी अधूनमधून लिहून येऊ लागले आहे. चापेकर बंधूंची फाशी, टिळक व गांधीजींचा कारावास, 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार हे सारे लोकांसमोर यायलाच हवे. मात्र ज्या शेकडो अनाम कैद्यांच्या कष्टांवर हे तुरुंग रोज चालत होते, त्यांना या इतिहासात जागा मिळालेली नाही आणि त्यांच्याविषयीच्या कागदपत्रांचे काय झाले याची चौकशीही कोणी करीत नाही, म्हणून हे पत्र.

मुंबई इलाख्यातील तुरुंगांचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा कारभार 1894 च्या कारागृह अधिनियमावर उभा होता. इलाख्यात सर्वांवर इन्स्पेक्टर जनरल, प्रत्येक तुरुंगाला सुपरिंटेंडेंट, वैद्यकीय अधिकारी आणि तुरुंगातच राहणारा जेलर अशी ही रचना होती. जिल्ह्याच्या तुरुंगात तर सिव्हिल सर्जनकडेच सुपरिंटेंडेंटचेही काम असणे नवलाचे नव्हते. दाखल झालेल्यांची नोंदवही, सुटकेच्या तारखांची वही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या चीजवस्तूंची यादी ठेवणे कायद्यानेच बंधनकारक केले होते. त्याशिवाय प्रत्येक कैद्याचे स्वतंत्र ‘हिस्ट्री तिकीट’, म्हणजे त्याच्या तुरुंगवासातील नोंदींचे पत्रक, असे आणि कामावर लावलेल्या कैद्याचे वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्यावर लिहावे लागे. कैद्याकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम करून घेऊ नये, निकड असल्यास सुपरिंटेंडेंटची लेखी परवानगी घ्यावी, असेही कलम 35 सांगत होते. वजनाची ही नोंद मला फार बोलकी वाटते, कारण नऊ तासांची मर्यादा प्रत्यक्षात पाळली जात होती की नाही, याची साक्ष अहवालांतील भाषेपेक्षा उतरत गेलेले आकडेच अधिक खरी देतील.

पहाटे बराकी उघडून जोड्या लावून मोजदाद करायची, मग कांजी, मग काम, आणि संध्याकाळी पुन्हा मोजदाद करून टाळे, असा हा दिवस असे. दळणाची चक्की, काथ्या कुटणे व दोर वळणे, खडी फोडणे, विणकाम, सुतारकाम, बागेचे काम यांपैकी कोणते काम कोणाच्या वाट्याला येईल, हे शिक्षेचे स्वरूप, प्रकृती आणि अधिकाऱ्याची मर्जी यांवर ठरे. 1897 साली राजद्रोहाबद्दल सक्तमजुरी झालेल्या टिळकांनाही काथ्याचे काम करावे लागले, हे आपल्या ध्यानात राहते ते टिळकांमुळे. तोच काथ्या वर्षानुवर्षे कुटणाऱ्या इतरांचे नावही आपल्याला ठाऊक नसते. काम जाणूनबुजून टाळणे किंवा बिघडवणे हा तुरुंगातील गुन्हा होता. त्याबद्दल अधिक जाचक काम, गोणपाटाचे कपडे, बेड्या, एकांत कोठडी, शिक्षेचा आहार आणि शेवटी तीस फटक्यांपर्यंत वेत, अशी शिक्षांची चढती उतरंड होती.

तुरुंगातील मालाची बाजाराशी स्पर्धा नको, अशी खासगी व्यापाऱ्यांची तक्रार एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. त्यामुळे कैद्यांच्या श्रमाचे मोठे गिऱ्हाईक सरकारी खातीच राहिली. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याच्या त्या काळातील पुस्तिकांवर येरवडा तुरुंगाच्या छापखान्याचे नाव आजही वाचता येते. त्यांचे खिळे ज्यांनी जुळवले त्यांचा मात्र कोठे उल्लेख नाही.

तथापि कैदी केवळ माल तयार करीत होते असे नाही, तुरुंगाचा पहाराही बऱ्याच अंशी तेच देत होते. चांगल्या वर्तनाच्या कैद्याला प्रथम रात्रपहारेकरी, पुढे मुकादम आणि त्यानंतर वॉर्डर अशी बढती मिळे. अशा नेमणुकीनंतर स्वतः शिक्षा भोगणारा हा मनुष्य दंडविधानाच्या दृष्टीने लोकसेवक ठरे, ही तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. पगारी शिपायांचा खर्च वाचवणारी ही सोय सरकारच्या पथ्यावर पडली. तिच्यातून जुलूम आणि लाचखोरी यांना किती वाव मिळाला असेल याची कल्पना करणे अवघड नाही. गांधीजींनी 1924 मध्ये सुटल्यानंतर ‘यंग इंडिया’त लिहिलेल्या तुरुंगातील अनुभवांत या कैदी-वॉर्डरांची माणसे म्हणून दखल घेतली. दुर्दैवाने आपल्याकडच्या तुरुंगविषयक लेखनात ते बहुधा खलनायक किंवा नोकर एवढ्यापुरतेच येतात.

कामाची वाटणी जातीवरही होत असे. रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वेच्छेने भंगीकाम मागितले, ते ठरावीक जातीच्याच कैद्यांनी करायचे म्हणून नाकारले गेले, त्यावर त्यांनी आपले अन्न कमी केले आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात असलेल्या गांधीजींनी 3 डिसेंबर 1932 रोजी उपवास आरंभला. पुणे करारानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, त्याच येरवड्यात घडलेला हा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. मागितलेले काम नाकारले म्हणून एकाने अन्न कमी केले, पण ज्यांच्यावर तेच काम न मागता लादले गेले त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला. कारागृह नियमावल्यांतील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी दिला, यावरून ती पद्धत किती खोल मुरली होती हे कळते.

इलाख्याच्या वार्षिक तुरुंग अहवालांत कैद्यांची सरासरी संख्या, आजार, मृत्यू, शिक्षा आणि कामाचे उत्पन्न यांचे तक्ते आहेत, पण तक्त्यांत माणूस सापडत नाही. तो शिक्षांच्या वहीत आणि हिस्ट्री तिकिटावर सापडतो. म्हणून गृह विभागाने राज्यातील जुन्या तुरुंगांत 1947 पूर्वीच्या कोणत्या वह्या शिल्लक आहेत याची यादी करून ती जाहीर करावी, वाळवीने खाण्यापूर्वी त्या पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवाव्यात आणि अभ्यासकांना खुल्या कराव्यात, अशी विनंती आहे. त्या कैद्यांचे वंशज आज आपल्यातच राहत असल्यामुळे, विशेषतः गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्या समाजांच्या बाबतीत, नावे झाकून प्रती देण्याची पद्धत ठेवावी लागेल, पण तेवढ्या कारणाने दप्तरच बंद ठेवू नये. येरवडा पाहायला येणाऱ्यांना नामवंतांच्या कोठड्यांबरोबर दळणाच्या व काथ्याच्या कामाची माहिती देण्यास तर या याद्यांचीही वाट पाहण्याचे कारण नाही.

आपला,
एक वाचक, पुणे