जेटीवरच्या मावशींना, एसटीतल्या दादांना

मे 2023. नऊ वर्षं ज्या पंथात काढली, तिथून पहाटे नेसत्या कपड्यांनिशी निघाले. फोन, पैसे तिथल्याच कपाटात. दाभोळच्या फेरीबोटीशी आले तेव्हा लक्षात आलं, धोपाव्याला जायला तिकीट लागतं.

मावशी, तुम्ही पाटी घेऊन शेजारी उभ्या होतात. काही न विचारता दोन तिकिटं काढलीत. बोटीत डबा उघडून म्हणालात, "जवळा चालतो ना गो तुला?" तिथे मासळी वर्ज्य, साडीचा रंगसुद्धा वरून ठरायचा. मला काय चालतं, हे कुणी विचारतं हेच विसरले होते. तांदळाची भाकरी, वर सुक्या जवळ्याची चटणी. रडतच खाल्ली. तुम्हाला वाटलं तिखट लागली, पाणी पुढे केलंत.

पलीकडे चिपळूणच्या एसटीत बसवून मुठीत शंभराची ओलसर नोट कोंबलीत. कंडक्टरदादांनी अर्धं तिकीट दिलं, तर मी घाबरले, काही चुकलं की काय! मार्चपासून बायकांना निम्मं भाडं झालंय, ही बातमी आमच्यापर्यंत आलीच नव्हती. दादा हसले नाहीत. समजावून सांगितलं, मग मैत्रिणीला फोन लावायला स्वतःचा मोबाइल दिला.

घरचे अजून पंथातच आहेत, बोलत नाहीत. वाळीत टाकण्याविरुद्ध 2016चा कायदा आहे खरा, पण आईने फोन उचलावा असं कलम त्यात नाही.

मावशी, तुमचे शंभर रुपये देणं आहे. दोनदा जेटीवर येऊन गेले, तुम्ही दिसला नाहीत.