बाणाची काडी

ठाणे
रविवार, रात्री

प्रिय मन्या,

आज मैदानावर तुझी फार आठवण आली. फोन करणार होतो, पण म्हटलं निवांत लिहावं.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना रॉकेटचं स्थैर्य फळ्यावर दोनदा शिकवून झालंय. गुरुत्वमध्य, म्हणजे वजनाचा तोल साधतो ती जागा, पुढे; दाबमध्य, म्हणजे वाऱ्याचा जोर जिथे एकवटतो ती जागा, मागे; दोघांत निदान रॉकेटच्या एका व्यासाचं अंतर. पेपरात सगळे अचूक लिहितात. पण हाताला ते कळलेलं नसतं. म्हणून दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या, सनबोर्डचे पंख आणि सायकलचा पंप घेऊन गेलो. एक तृतीयांश पाणी, वर दाबून भरलेली हवा.

पहिलं रॉकेट दोन मजले चढलं आणि गटांगळ्या खात खाली आलं. "सर, पंख मोठे करू?" त्या गटातली मुलगी म्हणाली. मी तिच्या हातात सुतळी दिली. तिने रिकामी बाटली बोटावर तोलली, तोल साधला तिथे सुतळी बांधली आणि डोक्याभोवती गरगर फिरवली. बाटली शेपूट पुढे करून फिरत राहिली! मग नाकात लिंबाएवढा क्लेचा गोळा बसवला. तोलाची जागा चार बोटं पुढे सरकली, तिने तिथे पेनाने खूण केली आणि पुन्हा फिरवली. आता नाक पुढे. पुढच्या खेपेला रॉकेट सरळ झाडांच्या वर गेलं.

एक मुलगा म्हणाला, नोझल, म्हणजे झोत सोडणारं तोंड, वर आणि टाकी खाली लटकवली तर आपोआप सरळ जाईल ना? प्रश्न मोलाचा होता. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी 16 मार्च 1926 रोजी उडवलेल्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटचं इंजिन वरच होतं. अडीच सेकंदांच्या उड्डाणात ते 41 फूट उंच गेलं. पण रॉकेट कललं की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो, त्याला सरळ करणारं काही उरत नाही. पुढे त्यांनीच इंजिन खाली आणलं.

आणि मन्या, दिवाळीत तू बाणाची काडी अर्धी मोडली होतीस, बाण समोरच्या गॅलरीत घुसला होता, आठवतं? त्या लांब काडीवर मागे वारा लागतो, म्हणून बाणाचं तोंड वर राहतं. मुलांना हेच सांगितलं, तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम हलल्या.

पुढच्या रविवारी पॅराशूट बसवायचंय. तुझ्याकडे जुन्या छत्रीचं कापड असेल तर घेऊन ये. सकाळी लवकर ये, नऊनंतर वारा सुटतो.

तुझा,
विजय