अप्पांच्या गोळ्या कुटू नका

वेर्णा, गोवा

प्रिय दत्ता,

काकूंचा निरोप पोचला. "इतकी वर्षं गोळ्या बनवतोयस, तर जरा लागू पडणाऱ्या बनव म्हणावं." तुझा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो, नीट बोलता आलं नाही. आणि विषय असा की बसमध्ये मोठ्यानं बोलण्यासारखाही नाही. म्हणून सरळ लिहायलाच बसलो.

अप्पांची साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी शौचातून अख्खी बाहेर पडलेली काकूंनी पाहिली, म्हणजे ती विरघळतच नाही, म्हणून आता सगळ्याच गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून देतात, असं तू म्हणालास. काकूंनी पाहिलं ते अगदी खरं आहे. अर्थ मात्र उलटा लावला. बाहेर पडली ती गोळी नव्हे, तिचं रिकामं टरफल.

अप्पांची ती मधुमेहाची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन ईआर. ईआर, एसआर, एक्सएल अशी शेपटी नावाला असली की समजायचं, औषध हळूहळू सुटायची सोय गोळीतच केलेली आहे. या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर हायप्रोमेलोज नावाची पूड असते, लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून केलेली. आमच्या लॅबमध्ये ९०० मिली पाणी ३७ अंशांवर ठेवून, त्यात पॅडल फिरवत ठेवून गोळी सोडतात आणि ठरल्या वेळी नमुने काढतात. आधी गोळीच्या कडा काचेसारख्या होतात, मग ती फुगते, बुळबुळीत होते. त्या थरातून औषध झिरपत झिरपत बाहेर येतं. आठ-दहा तासांनी तळाला उरलेला गोळा चिमटीत धरला तर भिजलेल्या साबणासारखा दबतो. आकार गोळीचाच, आत औषध जवळजवळ काहीच नाही. सेल्युलोज आपल्याला पचत नाही, त्यामुळे ते टरफल पुढे सरकत सरकत काकूंच्या नजरेला पडलं.

रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात त्यालाही कारण आहे. मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या वरच्या भागातच नीट शोषलं जातं. पोटात अन्न असलं की फुगलेली गोळी तिथेच रेंगाळते आणि औषध थोडं थोडं खाली सोडत राहते. कुटली की रात्रभराचा माल एकदम आतड्यात. मग मळमळ, जुलाब, आणि वर "औषध बाधलं" म्हणून बोंब.

पण मला खरी काळजी आहे ती दुसऱ्या गोळीची, बीपी आणि हृदयाचे ठोके आवरणाऱ्या मेटोप्रोलॉल एक्सएलची. ती मूळ ज्या पद्धतीची आहे, तिच्यात शेकडो बारीक दाणे दाबून बसवलेले असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं वेगळं आवरण असतं. म्हणून मधल्या रेघेवर तिचे दोन तुकडे केले तरी चालतं, दाणे शाबूत राहतात. बत्ता मारला की दाणेच फुटतात आणि दिवसभराचा डोस एकदम रक्तात जातो. नाडी मंदावते, बीपी उतरतं, आणि रात्री उपयोगाला काही उरत नाही. अप्पांना सकाळी दहाच्या सुमारास गरगरतं म्हणालास. इथे बसून मी निदान करणार नाही, पण संशय दाट आहे. कुटण्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातलीय का? घातली नसेल तर ते बिचारे डोसच वरखाली करत बसतील. आणि भीतीनं ती गोळी एकदम बंदही करू नका, त्यानं हृदयावर उलटा ताण येतो.

पँटोप्रॅझोलची तर आणखी गंमत. काम पोटातलं आम्ल कमी करण्याचं, पण त्या आम्लातच ते नासतं. म्हणून त्याला असं आवरण देतात की पोट ओलांडून आतड्यात गेल्यावरच विरघळावं. तिथून ते रक्तात जातं आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या पेशींपाशी येतं. एवढा वळसा घेणाऱ्या औषधाचं कवच काकू पहिल्याच ठोक्याला फोडतात!

ही विद्या काही कालची नाही. १९५२ साली स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीनं कॅप्सूलमध्ये कमी-जास्त जाडीच्या आवरणांचे दाणे भरून विकले, म्हणजे काही लवकर फुटावेत, काही उशिरा. पुढे कॅलिफोर्नियातल्या आल्झा कंपनीनं कमालच केली. गोळीला फक्त पाणी आत घेणारं आवरण आणि त्याला लेझरनं पाडलेलं एक बारीक भोक. आतला एक थर पाणी पिऊन फुगतो आणि दुसऱ्या थरातलं औषध त्या भोकातून सावकाश ढकलतो. बीपीची निफेडिपिन गोळी १९८९ मध्ये अमेरिकेत याच रूपात आली. तिचंही टरफल जसंच्या तसं बाहेर पडतं आणि तिथले पेशंटही डॉक्टरांना काकूंचाच प्रश्न विचारतात.

आता तुझं. साखर उतरवायला सेमाग्लुटाइडची गोळी घेतोस ते ठीक, पण चहाबरोबर? हे औषध म्हणजे प्रथिनासारखी साखळी, पोटात गेली की तिचे तुकडे पडायचे. म्हणून आधी ते सुईतूनच होतं. गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. गोळीत स्नॅक नावाचा साथीदार घातलाय. तो गोळीभोवतीपुरतं आम्ल सौम्य करतो आणि औषधाला जठराच्या अस्तरातून आत शिरायला मदत करतो. तरीही रक्तात पोचतं ते शंभरात एखादा भाग, तोही धड नाही. सुईतून आठवड्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं, गोळीतून १४ मिलिग्रॅम रोज, म्हणजे आठवड्याला ९८. एवढं महागडं औषध बहुतेक वाया जाणार हे धरूनच ही गोळी बनवलीय. मला विचारशील तर ही हुशारी थोडी उधळपट्टीचीच आहे, पण सुईला घाबरणारे तुझ्यासारखे आहेत तोवर ती चालणार. तर त्या शंभरातल्या एका भागावर तू चहा ओतू नकोस. उपाशी पोटी, अर्धा पेला साधं पाणी, १२० मिलीच्या वर नाही, आणि पुढे अर्धा तास काही नाही. चहा नाही, बिस्किट नाही, बीपीची गोळीसुद्धा नाही.

अप्पांच्या सगळ्या पाकिटांचे मागून-पुढून फोटो पाठव. कुठली फोडता येईल, कुठली नाही, ते लिहून देतो. तो कागद डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून पक्कं करून घे. अप्पांना गिळायला त्रास होत असेल तर तेही सांग, काही औषधं पातळ मिळतात. आणि काकूंना म्हणावं, खलबत्ता वेलचीसाठी ठेवा, दिवाळीत येतोय.

तुझा,
सुधीर