त्या पावणेतीन वर्षांतला बराच काळ कोर्टकचेरीत गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या यशानंतर येणारा आल्बम का फसतो, या विषयावरील लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मराठी वृत्तपत्रात रॉक संगीताला पाऊण पान मिळाले याचा आनंद झाला. परंतु लेखकाने आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ या आल्बमचे उदाहरण द्यावे आणि यश डोक्यात गेले, तीन वर्षे हातून काही झाले नाही, मग जे आले ते उदास आणि फिके, अशा आशयाच्या चार ओळींत त्याची वासलात लावावी, हे काही पटले नाही. मी नागपुरात अनेक वर्षे दिवाणी वकिली करून आता निवृत्त झालो आहे. संगीतातले मला कितपत कळते हे सोडून देऊ, पण त्या तथाकथित रिकाम्या वर्षांविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे वाटते, कारण त्यांतला बराच काळ गेला तो एका करारापायी.

ज्या यशाची गोष्ट चालली आहे तो ‘बॉर्न टू रन’ हा त्यांचा आधीचा आल्बम ऑगस्ट १९७५ मध्ये आला, तेव्हा स्प्रिंगस्टीन २५ वर्षांचे होते. त्याआधीचे त्यांचे दोन्ही आल्बम १९७३ सालातले, आणि दोन्ही फारसे खपले नव्हते. हा तिसरा मात्र अमेरिकेच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, आणि ऑक्टोबरमध्ये ‘टाइम’ व ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्यांना मुखपृष्ठावर छापले. बाहेर असा गाजावाजा चाललेला असताना घरची स्थिती अशी होती की १९७२ मध्ये, नाव ना गाव अशा अवस्थेत, त्यांनी व्यवस्थापक माइक अ‍ॅपेल यांच्याकडे व्यवस्थापन, ध्वनिमुद्रण आणि गाण्यांचे प्रकाशन अशा तिन्ही बाबींचे करार सही करून दिले होते. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी व्यवहार होता तो अ‍ॅपेल यांच्या संस्थेचा. गायक त्या संस्थेला बांधलेला. अ‍ॅपेल यांनी त्या पडत्या काळात या मुलासाठी खस्ता खाल्ल्या होत्या, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण एकच माणूस तुमचा प्रतिनिधी आणि तोच तुमचा मालक, अशी रचना ज्या करारात असते, तो करार पैसा आल्यावर कोर्टाची पायरी चढल्याशिवाय राहत नाही. भाऊबंदांच्या वाटणीपत्रांत मी हे इतक्यांदा पाहिले आहे की आश्चर्य वाटणे कधीच थांबले.

स्प्रिंगस्टीन यांना पुढचा आल्बम जॉन लँडाउ यांच्यासोबत करायचा होता. लँडाउ हे मूळचे समीक्षक, ‘बॉर्न टू रन’चे ते सहनिर्माते झाले होते. अ‍ॅपेल यांनी करारावर बोट ठेवले. जुलै १९७६ मध्ये स्प्रिंगस्टीन यांनी दावा दाखल केला, अ‍ॅपेल यांनीही उलट कोर्टात धाव घेतली, आणि निकाल लागेपर्यंत लँडाउ यांच्यासह स्टुडिओत जाण्यास न्यू यॉर्कच्या न्यायालयाने मनाई केली. याला आमच्या बोलीत तूर्तातूर्त मनाई म्हणतात. तिचे मूळ फार जुने आहे. लंडनमध्ये १८५२ साली लम्ली विरुद्ध वॅग्नर या खटल्यात असे ठरले की गायिकेला गायला भाग पाडता येत नाही, परंतु करार मोडून दुसऱ्याच्या रंगमंचावर गाऊ नकोस, एवढे तिला बजावता येते. आपल्याकडेही विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याच्या कलम ४२ मध्ये तेच तत्त्व आहे. कागदावर हा फरक बारीक आणि सुसंस्कृत दिसतो. ज्याच्यावर हुकूम बजावला जातो त्याला मात्र, नांगर तुझाच पण शेतात पाय टाकू नकोस, असे सांगितल्यासारखे होते. त्या काळात स्प्रिंगस्टीन आणि त्यांचे साथीदार वादक कार्यक्रम करून गुजराण करीत होती, आणि नवी गाणी आधी लोकांसमोर वाजत होती. तडजोड झाली ती २८ मे १९७७ रोजी, आणि जून उजाडताच ते सगळे स्टुडिओत हजर होते. याला ‘हातून काही झाले नाही’ म्हणणे म्हणजे स्थगिती असलेल्या इमारतीकडे बोट दाखवून गवंडी आळशी आहे म्हणण्यासारखे आहे.

स्टुडिओत गेल्यावरही आल्बम पूर्ण व्हायला आणखी नऊ-दहा महिने लागले, आणि हा काळ कोर्टाच्या खात्यावर मांडता येणार नाही, हे मला मान्य आहे. तो त्यांच्या हट्टाचा होता. ड्रमचा आवाज मनासारखा मिळेना म्हणून दिवसेंदिवस ड्रमवादक मॅक्स वाइनबर्ग एकच ठोका देत राहिले आणि स्प्रिंगस्टीन, मला ड्रम नाही, काडीच ऐकू येते, म्हणून तो ठोका पुन्हा मागत राहिले. गाणी तर ढिगाने तयार होती. त्यातून त्यांनी दहा ठेवली. जी सोडली ती टाकाऊ होती म्हणावे, तर ‘बिकॉज द नाइट’ हे अर्धवट राहिलेले गाणे गायिका पॅटी स्मिथ यांनी शब्द पुरे करून गायले आणि ते अमेरिकेत १३ व्या क्रमांकावर गेले. ‘फायर’ हे पॉइंटर सिस्टर्स या गायिकांच्या गटाने दुसऱ्या क्रमांकावर नेले. म्हणजे लोकप्रिय होऊ शकतील अशी गाणी या माणसाच्या हातात होती आणि त्याने ती आल्बमच्या बाहेर ठेवली, कारण ती त्या दहांच्या पंगतीत बसत नव्हती. राहिलेल्या गाण्यांपैकी बरीचशी २०१० मध्ये ‘द प्रॉमिस’ या नावाने दोन सीडींत आली, ती ऐकून लेखकाने पुन्हा विचार करावा.

आता उदासपणाविषयी. ‘बॉर्न टू रन’मध्ये वाद्यांचे थरावर थर आहेत, तिथली पोरे गाडी काढून गाव सोडायला निघालेली आहेत. ‘डार्कनेस’मध्ये ते सगळे थर खरवडून काढले आहेत, आणि माणसे गावातच राहिली आहेत, ती कामावर जातात, परत येतात. ‘रेसिंग इन द स्ट्रीट’ हे जवळपास सात मिनिटांचे गाणे गाड्यांच्या शर्यतीच्या फुशारकीने सुरू होते आणि रात्रीच्या अंधारात एकटीच पाहत बसणाऱ्या प्रेयसीपाशी येऊन पोहोचते. मग शब्द संपतात आणि पियानो व ऑर्गन बराच वेळ नुसते वाजत राहतात. फिके हा शब्द इथे कुठे बसतो, ते मला कळलेले नाही.

हा आल्बम मी प्रथम ऐकला तो कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना. मित्राच्या थोरल्या भावाने अमेरिकेहून आणलेली ती एलपी होती. कव्हरवर फुलाफुलांच्या भिंतकागदासमोर पांढरा बनियनवजा टी-शर्ट आणि वर काळे जाकीट घातलेला, झोप न झालेला एक तरुण. मे महिना होता, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या खोलीत कूलरच्या घरघरीत निम्मे शब्द बुडत होते, म्हणून मी कूलर बंद करून घामाघूम होत ऐकत होतो. ‘फॅक्टरी’ हे सव्वादोन मिनिटांचे गाणे लागले असताना वडील दारात येऊन उभे राहिले. ते एका कापड गिरणीत मागांच्या खात्यात होते आणि त्यांच्याशी बोलताना आम्हाला आवाज चढवावा लागत असे. “काय म्हणून राहिला रे तो?” त्यांनी विचारले. मी सांगितले की भोंगा होतो, याचा बाप डबा घेऊन गिरणीत जातो, आणि गिरणीने त्याचे कान नेले. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, “मंग मोठ्यानं लाव ना.” इंग्रजी त्यांना येत नव्हते. त्यानंतर त्यांनी ते गाणे पुन्हा लावायला कधी सांगितले नाही, पण मला रेकॉर्ड बंद कर असेही म्हटले नाही, आणि आमच्या घरात ती मोठी सवलत होती.

खपाचा मुद्दा लेखकाने काढलाच आहे म्हणून सांगतो: हा आल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. तिसऱ्यावरून पाचव्यावर येणे ही घसरण असेल तर असो. त्यातली एकेरी रेकॉर्ड म्हणून काढलेली दोन गाणी अनुक्रमे ३३ आणि ४२ या क्रमांकांवर अडकली, हेही खरे आहे. मला एवढेच विचारायचे आहे की ज्याने ‘फायर’ स्वतःहून बाजूला ठेवले, त्याला याची कल्पना नसेल काय?

लेखात एक तपशिलाची चूकही आहे. आल्बमचे वर्ष १९७७ असे छापले आहे. १९७७ हे तडजोडीचे आणि ध्वनिमुद्रणास आरंभ झाल्याचे वर्ष. आल्बम बाजारात आला तो २ जून १९७८ रोजी. तीन वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या लेखात हे वर्ष तरी बरोबर असायला हवे होते, कारण छापलेल्या तारखा धरल्या तर वजाबाकी दोनच वर्षांची होते. कृपया पुढील पुरवणीत दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील
महाल, नागपूर