तुझे ते दोन डबे

म्हापसा,
शनिवार, रात्री

प्रिय मंगल,

चवथीला फोन नाही, तुझ्या दोन मेसेजना उत्तर नाही. रागावली असशील, रागाव. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, कारण यातलं दुखणं तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. माझी पाठ बरी आहे, आईचं बीपी गोळ्यांवर ठीक.

जूनपासून वकिलांच्या ऑफिसात हिशेब लिहिते, हे तुला ठाऊक आहे. साहेब, बाई म्हणजे साहेबांची बायको, दोन ज्युनिअर आणि मी. टॅली शिकले, कंपन्यांनी फीमधून आधीच कापलेला टॅक्स, म्हणजे टीडीएस, जुळवायला शिकले. गोव्यातलं एक वेगळंच शिकले: इथल्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरतात; आयकर कायद्यात त्यासाठी वेगळं कलमच आहे. म्हणजे साहेबांची फी अर्धी बाईंच्या नावावर. पंधरा सप्टेंबरच्या अॅडव्हान्स टॅक्ससाठी मी तसा तक्ता केला, साहेबांनी शाबासकीही दिली.

आणि काल, शुक्रवारच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन एक आजी जिना चढून वर आल्या. त्यांची इन्व्हेंटरीची केस आहे, नवऱ्यामागे वाटणीची. दम खाऊन विचारलं, "बाय, म्हजे पयशे कितले उरल्यात गो?"

मंगल, मला सांगता येईना.

जुलैत त्यांनी २५,००० दिले होते. दहा हजार फीचे, पंधरा हजार नोटिसा, नकला, स्टॅम्प यांच्या खर्चासाठी. पावतीवर साहेबांनी स्वच्छ लिहिलंय. मी मात्र सगळे पंचवीस 'फी जमा' करून मोकळी झाले. पैसे बँकेत आले म्हणजे ऑफिसची कमाई, असंच डोक्यात. आजींना "मंगळवारी कागद तयार ठेवते" म्हटलं. त्या "बरें" म्हणून जिना उतरल्या. तो जिना किती उंच आहे, तुला माहीत आहे.

रात्री बार कौन्सिलचे नियम काढून वाचले. वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवायचा, आलेली रक्कम फीची की खर्चाची ते नोंदीत लिहायचं, अशिलाच्या लेखी संमतीशिवाय खर्चाचे पैसे फीत वळवायचे नाहीत, मागेल तेव्हा हिशेबाची नकल द्यायची. आजींनी मागितलं ते त्यांच्या हक्काचं होतं.

आणि मला तुझे ते दोन डबे आठवले. दूधसागरची सहल. साखरेच्या डब्यात जेवणाचे, बिस्किटाच्या डब्यात परतीच्या तिकिटांचे. रमाकांत त्याला रिझर्व्ह बँक म्हणायचा! जीपवाल्याला तीनशे कमी पडले तेव्हा मी म्हटलं, दे की बिस्किटातले, रात्री टाकू. तू म्हणालीस, "ते माझे नाहीत, तुझेही नाहीत." दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही, शमाला सांगितलं की मंगल म्हणजे कंजूष मारवाडी. तुझंच बरोबर होतं. इतक्या वर्षांनी लिहून देते, जपून ठेव.

आज ऑफिसला सुट्टी, तरी चावी घेऊन गेले. आजींची नोंद सुधारली: फी खाते नावे १५,०००, आजींचे खाते जमा १५,०००, म्हणजे फीतून काढून त्यांचे त्यांना. मग ऑफिस खर्चात घुसलेले त्यांचे ६,३४० त्यांच्या खात्याला नावे टाकले. उरले ८,६६०. हायसं वाटलं. मग वाटलं, बाकीच्यांचं काय? जूनपासूनच्या सगळ्या पावत्या काढल्या. अकरा अशील. त्यांचे न खर्चलेले मिळून १,१२,४००. बँकेत शिल्लक ४१,०००.

बाकीचे भाड्यात, पगारांत गेले. माझ्याही पगारात गेले, मंगल. साहेबांनी चोरी केलेली नाही. कुणाची कोर्ट फी भरायची वेळ आली की ते खिशातूनही घालतील. पण शिल्लक बघून खर्च करणाऱ्याला त्यातलं आपलं किती हे माझ्या वहीने सांगायला हवं होतं, आणि तिने उलटं सांगितलं. टॅक्सचा तक्ताही फुगला, अर्धा बाईंच्या नावावर. तो भरायच्या आत बदलता येईल. पण ७१,४०० चं भोक कसं बुजवायचं?

सोमवारी साहेब कोर्टात जायच्या आधी सांगणार आहे. अशिलांच्या पैशांसाठी बँकेत वेगळं खातं उघडा, आणि फीचे पैसे येतील तसे आधी तिकडे भरा, भाडं नंतर. साहेब चांगले आहेत, म्हणूनच जड जातंय. ते गप्प बसले तर? किंवा "बघू" म्हणाले तर? "बघू" म्हणाले तर मंगळवारी आजींच्या हातात कागद देताना मी काय तोंडाने देऊ?

सोनूला नोकरी लागली का? पतसंस्थेतल्या नव्या मॅनेजरशी जमतंय ना? छपराची गळती थांबली असेल अशी आशा. भावजींना नमस्कार.

उद्या दुपारी जेवणं झाली की फोन कर. साहेबांना सांगायचं ते आधी तुला म्हणून दाखवते. जिथे मी गुळमुळीत होईन तिथे थांबव.

तुझी,
विजू