दगडांचा ढीग लोकांना दिसू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी दगडात काम करणारा शिल्पकार. तीन वर्षांपूर्वी आमच्या चौकाचं सुशोभीकरण झालं. कडेचा जुना करंज रस्तारुंदीकरणात गेला, त्याच्या जागी सिमेंटचं झाड आलं. बुंध्यावर साल रंगवलेली, ढोलीत हिरवा दिवा. शेजारी फायबरची दोन हरणं. एकाचा कान पहिल्याच पावसाळ्यात तुटला. आत सगळं पोकळ. माणूस आणि निसर्गाच्या नात्यावरचं, सरकारी पैशातून उभं राहिलेलं हे शिल्प मी रोज बघतो. खोटं बोलत नाही बिचारं. नात्याची अवस्था तीच आहे.

आता दुसरं एक शिल्प सांगतो. १९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात योसेफ बॉइस या कलावंताने संग्रहालयासमोर बसाल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे, ७००० दगड आणून टाकले. अट एकच: ढिगातला दगड उचलायचा तर शहरात एक झाड लावायचं आणि दगड त्याच्या शेजारी रोवायचा. एका झाडामागे ५०० मार्कांची देणगी. भर शहरात हा ढिगारा बघून लोक वैतागले. तो उतरायला पाच वर्षं लागली. बॉइस १९८६ मध्ये गेले. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावलं.

मला त्यातला दगड आवडतो. लावताना रोप काठीएवढं आणि दगड कमरेच्या वर. आज त्यातली ओकची झाडं डोक्यावर सावली धरतात, दगड होता तेवढाच. झाड मेलं तर दगड एकटा उरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कळतं. आम्ही शिल्पकार आयुष्यभर आकार गोठवत बसतो. या गृहस्थाने तो वाढायला सोडून दिला.

२०१९ मध्ये आपल्याकडे ३३ कोटी झाडांची मोहीम झाली. किती जगली, हा वाद इथे नको. पण आकडा फायलीत मिटून ठेवता येतो, ढीग नाही.

बसाल्ट आपल्याला बाहेरून आणायला नको, आपला बहुतेक सह्याद्री त्याचाच आहे. बसाल्टच्या उभ्या खांबांची अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलीत ना? तसे खांब मिळाले तर उत्तमच, नाहीतर खाणीवर खडीसाठी काढलेले धोंडे चालतील. घडवूही नका.

चौक नगरपालिकेचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण शिल्प म्हणजे काय, हे सांगायला तुमचं खातं आहे. एकाच जिल्ह्यापासून सुरुवात करा. जिल्हाधिकारी कचेरीच्या पुढ्यात हजार दगड टाका. वड, करंज, कडुलिंब, बहावा लावू द्या. उद्घाटनाची कोनशिला बसवायचीच असेल, तर ती शेवटच्या झाडापाशी बसवा.

आमचं कानतुटकं हरीण मात्र इतक्यात हलवू नका. त्या भोकात चिमणीने घरटं केलंय. पिल्लं उडाली की कळवतो.

आपला,
एक पाथरवट